‘मोकळी कंबर’चं पहिलं रेकॉर्डिंग

आमच्या बँडचं नाव ‘मोकळी कंबर’. बँडमधल्या चौघांपैकी तिघांच्या कमरेला पट्टा आहे आणि तो डॉक्टरांनी बांधायला सांगितलेला आहे, हे खरं आहे; पण नाव बदलण्याइतकं खरं नाही. आम्ही नाचायची गाणी वाजवतो. या प्रकाराला फंक-पॉप म्हणतात. आमच्या ड्रिल मास्तरांची व्याख्या अशी, की जे ऐकताना माणसाला बसवत नाही ते फंक आणि जे दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना तोंडात येतं ते पॉप. दोन वर्षं दर आठवड्याला तालीम करूनही आमचं गाणं ऐकून कुणी उठलेलं नव्हतं. म्हणजे उठले होते, पण ते घरी जायला.

तरी आम्ही ठरवलं की रेकॉर्ड करायचं. माणसाला एका वयानंतर वाट बघणं परवडत नाही.

बँडमध्ये कोण कोण ते आधी सांगतो. ड्रमवर आमच्याच गल्लीतले दातांचे डॉक्टर. हात हलका, नजर बारीक, पण तीस वर्षांची सवय अशी की दर अर्ध्या मिनिटाने थांबायचं आणि पेशंटला चूळ भरू द्यायची. ड्रम वाजवतानाही ते अर्ध्या मिनिटाने थांबतात. एकदा चुकून ‘थुंका’ म्हणालेही होते. गिटारवर ड्रिल मास्तर. शाळेत कवायत घेतात. ‘सावधान’ म्हटल्याशिवाय त्यांचा हात तारेला लागत नाही आणि गाणं संपलं की ‘विश्राम’ म्हटल्याशिवाय तारेवरून निघत नाही. गायला माझी मेव्हणी, बायकोची धाकटी बहीण. ती बसस्थानकावर माइकवरून गाड्यांच्या घोषणा करते. आवाज गोड, स्वच्छ आणि संपूर्ण निर्विकार. ‘ये ना जवळ’ ही ओळ ती अशी म्हणते की ऐकणाऱ्याने घाईघाईने सामान उचलावं. आमचं गाणंही तिनेच लिहिलेलं आहे, ‘सरका, आत सरका’. अनुभवातून आलेलं आहे.

आणि चौथा मी, बेस गिटारवर. बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब दांडीची गिटार. जाणकार सांगतात की गाण्यात बेस असतो तेव्हा तो कळत नाही, पण नसला की गाणं लंगडतं. आमच्या गाण्यात तो असताना कळत नसे आणि नसतानाही काही बिघडत नसे. एकदा तालमीच्या मध्येच मी चष्मा पुसायला आत गेलो होतो. परत आलो तर गाणं संपलेलं आणि डॉक्टर म्हणत होते, “आज जमलं बरं का.”

आता हसू नका, पण मला लागलं होतं. सव्वीस वर्षं मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. लोकांची पत्रं येतात, मी शिक्का मारतो आणि पुढे पाठवतो. त्यांची उत्तरं येतात, त्यांवरही शिक्का मारतो आणि पुढे पाठवतो. एवढ्या वर्षांत माझं स्वतःचं म्हणावं असं त्या टेबलावरून काहीही कुठे गेलेलं नाही. माझी इच्छा एवढीच होती की एका गाण्यात, एकदाच, कुणीतरी परक्या माणसाने म्हणावं, ‘हा बेस कोण वाजवतंय हो?’ त्यासाठीच तर मी हा बँड काढला होता. बाकीच्यांना सांगताना कलेची सेवा वगैरे म्हणालो होतो, ते वेगळं.

स्टुडिओ शोधून काढला तो चौथ्या मजल्यावर निघाला. लिफ्ट बंद. ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटीसुद्धा जुनी होऊन पिवळी पडलेली. पाच ड्रम, दोन गिटारी आणि तीन पट्टे घेऊन आम्ही दुसऱ्या मजल्यापर्यंत चढलो. तिथे डॉक्टर जिन्यातच बसले आणि म्हणाले की रेकॉर्डिंग इथेच करू, इथे घुमतं छान. शेवटी रेकॉर्डिंगवालीच खाली आली. तिशीतली, गळ्यात हेडफोन, कामापुरतं बोलणारी. एरवी ती लिफ्टमधल्या सूचना रेकॉर्ड करते. ‘दरवाजे बंद होत आहेत’ वगैरे. स्वतःच्या इमारतीतल्या लिफ्टने मात्र बोलणंच सोडलेलं होतं.

तिने आमच्याकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं. म्हणाली, “काका, तुम्ही चढू नका. रविवारी दुपारी मीच सामान घेऊन घरी येते. फक्त खोली घुमायला नको. भिंतींना, दारांना गाद्या लावा. दहा-बारा पुरे होतील.”

आमच्या घरात गाद्या दोन. बायकोला सांगितलं तेव्हा ती मशीनवर बसली होती. ती घरीच पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवते. पायाचं मशीन, पंचवीस वर्षं तेच. पाय न थांबवता म्हणाली, “दहा-बारा गाद्या? मग सतरंज्या आणि हजेरीपटही आणा. वसतिगृहच काढू.”

“मागून आणू शेजाऱ्यांकडून,” मी म्हणालो.

“आणा. पण मागून आणलेली वस्तू आणली त्याहून स्वच्छ करून परत द्यायची. एकेक गादी झटकून गेली पाहिजे. लोकांनी नावं ठेवलेली मला चालणार नाहीत.”

मी हो म्हणालो. झटकायच्या कोणी, हा प्रश्न मी काढला नाही. संसारात काही प्रश्न काढायचे नसतात.

त्याआधी परवानगी हवी होती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पूर्वी कुठल्याशा खात्यात होते. ते खातं बंद पडलं, पण हे चालूच आहेत. त्यांनी मला ‘आवाजाचा अर्ज’ दिला. त्यात आवाजाचे प्रकार तीन: तोडफोड, मंगलकार्य आणि शोक.

“यात आमचं बसत नाही,” मी म्हणालो.

“यात बसत नाही ते इमारतीत बसत नाही,” सेक्रेटरी म्हणाले.

“‘इतर’ असा रकाना नाही का?”

“‘इतर’ ठेवला की सगळेच इतर होतात.”

मी स्वतः सरकारी माणूस. अर्जाशी वाद घालू नये हे मला कळतं. मग आम्ही दोघांनी बसून विचार केला. मंगलकार्य लिहावं तर वधूवरांची नावं द्यावी लागत होती. शोक लिहावा तर मयताचं. सेक्रेटरींनी आमची तालीम एकदा ऐकलेली होती, त्यामुळे त्यांचा कल शोकाकडे होता. पण मयत आणायचा कुठून? शेवटी तोडफोड ठरली. त्याखाली पुन्हा प्रकार लिहायचा होता. मी लिहिलं: जुनी फरशी काढणे, रविवार, दुपारी दोन ते पाच. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी कागदावर खोटं असं पहिल्यांदाच लिहिलं, आणि त्यावर लगेच शिक्का बसला. खऱ्या गोष्टींना इतक्या लवकर बसलेला मी पाहिलेला नाही.

संध्याकाळी जिन्यात सूचना लागली आणि सल्ले सुरू झाले. समोरच्या घरातले आप्पा निवृत्त आहेत आणि फावल्या वेळात तज्ज्ञ आहेत. ते दार उघडूनच उभे होते.

“पांढरी घेऊ नका,” ते म्हणाले. “केस दिसतात.”

“आप्पा, फरशी नाही. गाणं रेकॉर्ड करतोय.”

“अच्छा, गाणं. मग तर फरशी काढूच नका. आवाज थेट खाली जाईल.”

खालच्या घरातल्या वहिनी त्याच वेळी वर येत होत्या. त्यांनी फक्त ‘थेट खाली’ एवढंच ऐकलं. त्यांच्या दिवाणखान्यात छताला काचेचा दिवा आहे आणि त्यांचा जीव त्या दिव्यात आहे. अर्ध्या तासात त्यांनी स्वतः चार गाद्या वर आणून दिल्या.

“फोडताना खाली अंथरा,” त्या म्हणाल्या. “धक्का बसायला नको.”

“वहिनी, या मी भिंतीला लावणार आहे.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. “भिंतीचीही फरशी काढताय?”

मी नुसती मान हलवली. काही ठिकाणी खुलाशाने गाद्या जातात. आप्पांनीही एक दिली, पण ती नुसती दिली नाही, हवाली केली. दुपारी दोन ते चार त्यांची झोप असते आणि ती त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली आहे. “बघा, जमेल तितक्या लवकर मोकळी करा,” ते म्हणाले. बाकीच्या वरच्या मजल्यांवरून जमवल्या आणि रविवारी दुपारपर्यंत आमच्या बैठकीच्या खोलीत मागून आणलेल्या अकरा गाद्या लागल्या, काही भिंती-दारांना आणि काही खाली जमिनीवर. खिडकी बुजली, बाल्कनीचं दार बुजलं, घड्याळ बुजलं. आत शिरलं की उशीच्या पोटात शिरल्यासारखं वाटायचं. आणि उकाडा असा, की मास्तरांनी मिशा पुसायला वेगळा रुमाल काढला.

रेकॉर्डिंगवालीने तारा जोडल्या. माझी गिटार एका छोट्या डबीतून तिच्या यंत्राला जोडलेली होती आणि डबीचा प्लग भिंतीत होता. स्वतःचं वाजवणं ऐकायला प्रत्येकाला हेडफोन. तिने चार आणले होते, त्यातला एक मुका निघाला. बँडचा संस्थापक या नात्याने तो मी घेतला. मोठेपणा घ्यायची मला खोड आहे. तसंही दोन वर्षांत मला माझा बेस कधी ऐकू आला नव्हता, त्यामुळे सवयीत फरक पडणार नव्हता.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा डॉक्टर अर्ध्या मिनिटाने थांबले. दुसऱ्यांदा मास्तर इतक्या जोरात ‘सावधान’ म्हणाले की मेव्हणी उभीच राहिली आणि गायची विसरली. तिसऱ्यांदा डॉक्टरांच्या थांब्यांसकट गाणं शेवटपर्यंत गेलं, पण शेवटी मेव्हणी त्याच सुरात म्हणाली, “आपला प्रवास सुखाचा होवो.” तिची स्वतःची चूक तिच्या लक्षात आली नाही. आम्ही सांगितल्यावर म्हणाली, “भावोजी, ते आपोआप येतं. लग्नात पण आलं होतं.”

चौथ्यांदा ऐन रंगात बेल वाजली. दारात घमेलं घेऊन एक माणूस. सेक्रेटरींनी परस्पर कळवल्यामुळे राडारोडा उचलायला आला होता. आमचं चालू होतं म्हणून बिचारा अदबीने उंबऱ्यात उभा राहिला. अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाला, “चालू द्या. फोडून झालं की सांगा, इथेच आहे.”

मास्तरांचा चेहरा लाल झाला. पण तो माणूस मनापासून बोलला होता, त्यामुळे त्याला रागावताही येईना.

त्याच्यामागून आप्पा आले. सव्वादोन झाले होते आणि त्यांच्या घरात झोपायला गादी नव्हती. “माझी कुठली?” म्हणाले, ओळखली, आणि तिच्यावर आडवे झाले. ती जमिनीवर होती, ड्रमच्या शेजारी. ड्रमच्या शेजारी झोपणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मग वहिनी आल्या, दिवा हलतोय हे सांगायला. उभ्या कशाला राहतील? स्वतःचीच गादी म्हणून बसल्या. शेवटी सेक्रेटरी फाइल घेऊन आले. त्यांनी वाकून फरशी ठोकून पाहिली.

“ही जागेवरच आहे,” ते म्हणाले. “मंजुरी तोडफोडीची आहे. इथे तर तोडफोड दिसत नाही.”

“दिसायची नाही, ऐकू येईल,” डॉक्टर म्हणाले.

“पाचपर्यंत काम पूर्ण झाल्याची सही मला करायची आहे. मी थांबतो.”

तेही बसले. चार वादक, चार श्रोते आणि त्यातला एक घोरणारा, असं ते रेकॉर्डिंग पाचव्यांदा सुरू झालं. घोरणं नेमकं तालाच्या मधे पडत होतं. रेकॉर्डिंगवालीने सगळं थांबवलं आणि आप्पांना हलवून उठवलं. आप्पा उठले, पण त्यांना घाम आला होता. ते घरी जाऊन टेबल फॅन घेऊन आले आणि भिंतीतला एक प्लग काढून तिथे लावला. रेकॉर्डिंगवाली म्हणाली, “पंखा माइककडे नको, उलटा करा.” त्यांनी उलटा केला. कुठला प्लग निघाला ते तेव्हा कुणी पाहिलं नाही.

एवढ्यात बायको आत आली. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात काठी. चार वाजायला आले होते.

“अहो, पाचला अकरा गाद्या परत जायच्यात. मी काय एका दमात अकरा झटकू? बाल्कनीच्या दाराच्या चार नेते.”

“नेल्यास तर बाहेरचा आवाज आत येईल,” मी म्हणालो.

“येऊ दे. तुमचा बाहेर जात होता तेव्हा कुणी विचारलं नाही.”

तिने चारही गाद्या ओढून बाल्कनीत नेल्या. रेकॉर्डिंगवालीने खांदे उडवले आणि म्हणाली, “काका, अजून एकदा वाजवून घेऊ. यानंतर मला निघायला हवं.”

सहावी खेप सुरू झाली. मी तुम्हाला खरं सांगतो, पहिल्या दहा सेकंदांत मला कळलं की काहीतरी वेगळं होतंय. काय ते कळलं नाही. पण अर्धं मिनिट होऊन गेलं आणि डॉक्टर थांबले नाहीत. एक मिनिट झालं तरी थांबले नाहीत. ते मान खाली घालून वाजवत होते, जणू त्यांच्या मागे कुणीतरी उभं राहून त्यांना पुढे ढकलत होतं. मास्तर डोळे मिटून जागच्या जागी डोलत होते. आणि मेव्हणी पहिल्यांदाच खरोखर चिडल्यासारखी गात होती. ‘सरका, आत सरका’ म्हणाली तेव्हा वहिनी गादीवर चांगल्या वीतभर आत सरकल्या. मीही जीव तोडून वाजवत होतो. बोटं सोलली, तरी थांबलो नाही. गाणं संपलं तेव्हा मास्तर ‘विश्राम’ म्हणायचं विसरले.

रेकॉर्डिंगवालीने स्पीकरवर लावलं. आम्ही सगळे ऐकायला बसलो.

पहिला पाय हलला तो वहिनींचा. मग आप्पांचे खांदे, तेही आडव्या अवस्थेत. सेक्रेटरी पेनाने फाइलवर ठोका धरून होते आणि स्वतःच्या हाताकडे असे बघत होते, की जसं काही तो दुसऱ्या कुणाचा हात आहे. राडारोडावाला अजून दारातच होता. घमेलं डोक्यावर तसंच आणि कंबर मात्र खाली एकटीच चाललेली. दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्या गाण्यावर कुणी नाचत होतं.

“हे पोटात धपधप वाजतंय, ते काय आहे हो?” वहिनींनी विचारलं.

“तो बेस,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. “हे वाजवतात.”

आप्पा उठून बसले. “अहो, दोन वर्षं मी दारापलीकडून ऐकतोय. हा आवाज कुठे लपवून ठेवला होतात तुम्ही? याच्यावरच तर सगळं चाललंय. बाकीचं नसलं तरी चालेल.”

मास्तरांनी मला चक्क सलाम केला. एवढंच आठवतं की खूप आनंद झाला, आणि तो आनंद साधारण एक मिनिट टिकला.

कारण मग रेकॉर्डिंगवालीने मला हळूच जवळ बोलावलं. तिच्या पडद्यावर प्रत्येकाच्या आवाजाची एकेक रेघ होती. डॉक्टरांची काटेरी, मेव्हणीची लाटालाटांची, मास्तरांची बारीक दातेरी. खाली एक रेघ अगदी सरळ होती, पट्टीने मारल्यासारखी.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “ही तुमची.”

मी भिंतीकडे पाहिलं. माझ्या डबीचा प्लग लोंबत होता आणि त्याच्या जागी आप्पांचा पंखा निवांत फिरत होता.

“तुला आधी दिसलं नाही?”

“दिसलं ना. थांबवणार होते. पण डॉक्टर पहिल्यांदाच थांबत नव्हते, मग मलाही थांबवायचं धाडस झालं नाही. म्हटलं तुमचं नंतर भरू.”

“मग ते धपधप कुणाचं?”

तिने बाल्कनीकडच्या माइकची रेघ दाखवली, बाकीचे सगळे आवाज बंद केले आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. धप्प. धप्प-धप्प. धप्प. मधे एकदा काठी कठड्यावर आपटल्याचा आवाज, एकदा बायकोचा खोकला, आणि पुन्हा धप्प. मशीनच्या पायपट्टीसारखं सरळ, एक ठोका इकडचा तिकडे नाही. पंचवीस वर्षं मी त्या तालात पेपर वाचत आलोय. तो ताल आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.

“बघा, दोन गोष्टी करता येतील,” ती म्हणाली. “मी ही धपधपची रेघ पुसते आणि तुम्ही आत्ता वरून वाजवून भरा. कुणाला कळणार नाही. आमच्या कामात हे चालतं.”

आता तुम्ही म्हणाल की मी लगेच खरं सांगून मोकळा झालो असेन. नाही झालो. मी सगळ्यांना म्हणालो की जरा सुधारणेला वाव आहे, आणि प्लग लावून, चांगला हेडफोन मागून घेऊन, पुन्हा वाजवलं. मन लावून वाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा बेस मला नीट ऐकू आला, आणि मला तो आवडला, हेही सांगून टाकतो. तिने बाल्कनीचा आवाज काढला, माझा घातला आणि स्पीकरवर लावलं.

वहिनींचा पाय थोडा वेळ वाट बघून थांबला. आप्पा पुन्हा आडवे झाले. सेक्रेटरींनी पेनला टोपण लावलं. राडारोडावाल्याने घमेलं डोक्यावरून उतरवून खाली ठेवलं. कुणी काही बोललं नाही. डॉक्टरसुद्धा नाही, आणि त्यांना तर ‘काही दुखणार नाही’ असं सांगायची रोजची सवय आहे.

मला फार वाईट वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. माणसाने दोन वर्षं बोटं झिजवावीत आणि एका काठीने चार मिनिटांत निकाल लावावा, हे कुणालाही लागेल. वाटलं, राहू दे तसंच, निदान रेकॉर्डवर माझी वाकडीतिकडी रेघ तरी असेल. पण खोलीतले ते थांबलेले पाय माझ्याने बघवेनात.

“माझं काढ,” मी रेकॉर्डिंगवालीला म्हणालो. “आधीचं लाव.”

मग उभा राहिलो आणि सांगितलं. प्लग निघाला होता. आधीचा बेस माझा नव्हता. बाल्कनीत ही गाद्या झटकत होती, तो तिचा होता.

सगळ्यांनी बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं. बायको पाचवी गादी न्यायला आत आलेली होती. केसांत कापूस, कमरेला पदर खोचलेला. सगळे आपल्याकडे का बघतायत हे तिला कळेना.

“मी काय केलं?” ती म्हणाली. “धूळच केवढी होती. वहिनी, तुमच्या नाही हं, वरच्यांच्या.”

मेव्हणीने धावत जाऊन तिला मिठी मारली. “ताई, तू बँडमध्ये ये.”

“मला वेळ नाही. सात राहिल्यात अजून.”

“तुम्ही मघाशी वाजवत होतात म्हणून मी थांबलो नाही,” डॉक्टर बायकोला म्हणाले. “मागून आवाज येत होता, मला वाटलं पेशंट अजून तोंड उघडून बसलाय.”

बायकोने काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण तिने काठी खाली केली. “यांना विचारा,” ती म्हणाली. “बँड यांचा आहे.”

आता माझ्या हातात होतं. मी म्हणालो, “ये.”

“येईन. पण एक आहे. गादी कठड्यावर नीट राहत नाही, मघापासून तीनदा घसरली. कुणीतरी पलीकडून धरायला हवी.”

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सेक्रेटरींनी तेवढ्यात फाइल उघडली, ‘तोडफोड: समाधानकारक’ असं लिहिलं आणि सही केली. कशाची, ते मी विचारलं नाही.

दुसरं गाणं पुढच्या रविवारी रेकॉर्ड केलं. वहिनींनी स्वतःहून गादी पाठवली, न झटकलेली. मी ती उभी करून दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहिलो. पलीकडे बायको. “हलू नका,” ती म्हणाली. नाचायच्या बँडमध्ये जागचं न हलण्याची अट असलेला मी एकटाच. मास्तर ‘सावधान’ म्हणाले, आणि पहिला धप्प गादीतून थेट माझ्या छातीत आला. मग दुसरा. नाकात धूळ गेली, डोळ्यांत पाणी आलं, पण हात सोडले नाहीत. शेवटच्या कडव्यात ती गादीआडून डोकावली, लागत तर नाही ना ते बघायला, आणि ठोका न चुकवता हसली. पंचवीस वर्षांत तिला कामाच्या वेळी हसताना मी पाहिलं नव्हतं.

आमचं रेकॉर्ड निघालं. त्यावर सगळ्यांची नोंद आहे आणि सगळ्यात शेवटी लिहिलंय, ‘गादी धरणारे’. ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावरच लोकांनी ऐकलं. शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्कचा पाय टेबलाखाली चाललेला मला दिसत होता. गाणं संपल्यावर तो म्हणाला, “छान आहे हो. पण यात तुम्ही नेमके कुठे आहात?”

मी म्हणालो, “ते धप्प होतं ना, त्याच्या लगेच मागे.”